स्नायुशोथ आणि फुप्फुसे

नंदुरबार येथील लाल मिरचीची बाजारपेठ सर्व देशात प्रसिद्ध आहे. हिवाळ्याच्या दिवसांत शहराबाहेरील मोकळ्या जागांवर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात आणि त्यांच्या कडेने बसून मजूर स्त्रिया दिवसभर मिरची निवडीत व देठ खुडीत असतात. तेथे कोणी खोकले तर त्याचे कोणास नवल वाटत नाही. मिरचीची धूळ उडाली की ठसका लागावयाचाच. बोटांची कातडी फाटली तरी तिच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. काम करणाऱ्याचे हात असेच असावयाचे.

अशा एखाद्या स्त्रीची कल्पना करावी. दोन महिन्यांपासून तिला कोरडा खोकला आहे. पाण्याची कळशी डोक्यावर घेताना तिचे हात वर जात नाहीत. चुलीपुढून उठताना तिला भुईवर हात टेकावा लागतो. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या कडांना भेगा पडल्या आहेत. घरची माणसे म्हणतात, खोकला धुळीचा, अशक्तपणा अन्नाचा आणि भेगा कामाच्या. ही तिन्ही अनुमाने वेगवेगळी घेतली असता त्यांत वावगे असे काही नाही. तथापि ही तिन्ही लक्षणे एकाच रोगाची असू शकतात, आणि तो रोग ओळखण्यास जितका विलंब होईल तितकी फुप्फुसांची हानी वाढत जाते. त्या रोगाचे नाव स्नायुशोथ. डॉक्टर मंडळी त्यास मायोसायटिस म्हणतात.

हा रोग विरळा आहे. लाख माणसांत मोजक्याच जणांना तो होतो. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजारांवर होती. तेव्हा एवढ्या वस्तीतही असे रोगी थोडेच असणार, हे उघड आहे. परंतु विरळेपणा हाच या रोग्यांचा मोठा शत्रू होय. जे नित्य दिसते त्याचेच नाव प्रथम जिभेवर येते, आणि जे क्वचित दिसते ते समोर येऊन उभे राहिले तरी ओळखू येत नाही.

शोथ म्हणजे दाहयुक्त सूज. रोगजंतूंशी लढण्याकरिता निसर्गाने रक्तात पांढऱ्या पेशींची सेना ठेविली आहे, आणि ती सेना प्रतिपिंडे नामक द्रव्ये निर्माण करून शत्रूस खुणावीत असते. क्वचित प्रसंगी या सेनेस आप्तपर भाव उरत नाही व ती स्वतःच्याच शरीरावर शस्त्र धरते. स्नायूंवर असा हल्ला झाला म्हणजे स्नायुशोथ होतो. हा रोग संसर्गाने पसरत नाही. रोग्याच्या ताटात जेवल्याने किंवा त्याच्या अंथरुणावर बसल्याने तो कोणास होत नाही. तो कोणाच्या पापाचे फळ नव्हे, की कोणाच्या नजरेचा परिणाम नव्हे.

एर्न्स्ट वाग्नर या जर्मन वैद्याने १८६३ साली या विकाराचे वर्णन केले. ज्या प्रकारात स्नायूंसह त्वचेवरही चिन्हे उमटतात त्यास १८९१ साली हाइनरिख उन्फेरिख्ट याने ‘डर्मॅटोमायोसायटिस’ असे नाव दिले. स्नायू आणि त्वचा यांकडे वैद्यांचे लक्ष गेले, परंतु फुप्फुसांची बाजू पुष्कळ वर्षे अंधारातच राहिली. १९५६ साली मिल्स व मॅथ्यूज या दोघांनी अशा रोगात फुप्फुसांच्या आतील भागास होणाऱ्या दाहाची हकीकत प्रसिद्ध केली. पुढे असे आढळून आले की, या रोगाने मृत्यू ओढवतो तो पुष्कळदा हातापायांच्या दुर्बलतेने नव्हे, तर श्वासाच्या वाटेने. दुखणे स्नायूंच्या नावाने ओळखले जाते. जिवाचा निवाडा मात्र अनेकदा फुप्फुसांत होतो.

फुप्फुसांवर हे संकट कसे येते, हे समजण्यास लोहाराच्या भात्याचा दृष्टांत उपयोगी पडेल. भात्याचे काम बिघडण्याची कारणे मुख्यतः तीन. ओढणाऱ्याचा हात थकतो, नळीत राख किंवा कचरा जातो, अथवा भात्याचे कातडेच वाळून ताठ होते. स्नायुशोथात या तिन्ही गोष्टी घडू शकतात, आणि काही अभागी रोग्यांत त्या एकाच वेळी घडतात.

पहिली गोष्ट हाताची. फुप्फुसांना स्वतःचे बळ नसते. त्यांच्याखाली असलेला पडद्यासारखा स्नायू, ज्यास श्वासपटल म्हणतात, तो खाली सरकतो, बरगड्यांमधील स्नायू छाती उंचावतात, आणि मग हवा आत येते. स्नायुशोथाने हे स्नायूही दुर्बल झाले तर फुप्फुसे निरोगी असूनही श्वास अपुरा पडतो. अशा रोग्यास उताणे निजले असता गुदमरल्यासारखे होते. त्यास उशा रचून बसते राहावेसे वाटते, सकाळी डोके जड होते, आणि खोकण्यातही जोर राहत नाही. एका श्वासात सावकाश आकडे मोजावयास सांगितले तर आज जेथवर पोहोचला तेथवर आठ दिवसांनी पोहोचत नाही. ही परीक्षा कोणत्याही घरात करता येण्याजोगी आहे. मोजणी दिवसेंदिवस आखडत चालली तर रोग्यास त्वरित रुग्णालयात नेले पाहिजे.

दुसरी गोष्ट नळीची. अन्न गिळणे हेही स्नायूंचेच काम आहे. घशाचे स्नायू ढिले पडले की पाणी नाकावाटे परत येते, जेवताना ठसका लागतो, आवाज नाकात उतरतो. घास अन्ननलिकेत न जाता त्याचा अंश श्वासनलिकेत जातो, आणि मग फुप्फुसात जंतूंचा दाह होऊन ताप भरतो. अशा रोग्यास निजवून पाणी किंवा पेज पाजणे ही माया नव्हे. तो धोका होय. त्यास ताठ बसवून लहान घास द्यावेत, आणि गिळण्याची तपासणी होईपर्यंत घाई करू नये.

तिसरी गोष्ट कातड्याची, आणि हीच सर्वांत कठीण. फुप्फुसांत तीस कोटींहून अधिक सूक्ष्म वायुकोश असतात. ते सर्व उलगडून पसरता आले तर त्यांचे क्षेत्र सुमारे सत्तर चौरस मीटर भरेल. या कोशांची भिंत इतकी पातळ असते की तिच्यातून प्राणवायू सहज रक्तात उतरतो. स्नायुशोथात या भिंतींतच दाह सुरू होतो. भिंती सुजतात, जाड होतात, आणि दाह वेळीच आटोक्यात आला नाही तर तेथे व्रण भरताना पडतो तसा घट्ट तंतुमय वण तयार होतो. सूज ओसरू शकते. वण सहसा जात नाही. या विकारास इंटरस्टिशियल लंग डिसीज असे म्हणतात. निरनिराळ्या ठिकाणच्या पाहण्यांवरून स्नायुशोथाच्या शंभर रोग्यांपैकी सामान्यतः वीस ते चाळीस जणांत तो आढळतो. त्याची खूण म्हणजे कोरडा खोकला, आणि चढ चढताना किंवा भरभर चालताना लागणारी धाप. आरंभी बसल्या जागी काहीच जाणवत नाही, म्हणून रोगी आपण बरे आहो असे समजतो.

आता एक विलक्षण गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. फुप्फुसांचा विकार नेहमी स्नायूंच्या मागून येतो असे नाही. कित्येक रोग्यांत तो आधी येतो, आणि स्नायूंची दुर्बलता महिन्यांनी किंवा वर्षांनी दिसू लागते. हे कोडे उलगडण्यास रक्तातील प्रतिपिंडांच्या शोधाने मोठे साहाय्य केले. १९८० साली निशिकाई व राइक्लिन या संशोधकांनी स्नायुशोथाच्या रोग्यांत आढळणाऱ्या एका प्रतिपिंडाचे वर्णन केले. ज्या रोग्याच्या रक्तात ते मिळाले त्याच्या नावातील आद्याक्षरांवरून त्यास ‘जो-१’ हे नाव पडले. १९८३ मध्ये असे उघड झाले की हे प्रतिपिंड शरीरातील एका नित्योपयोगी द्रव्यावर चालून जाते. आडत बाजारात जसा एखादा कारकून ठरावीक माल ठरावीक गाडीवर चढवितो, तसे हे द्रव्य प्रथिने बांधण्यासाठी लागणारा एक घटक त्याच्या वाहकावर चढविते. अशा कारकुनी द्रव्यांवर हल्ला करणारी आणखी काही प्रतिपिंडे पुढे सापडली. ती ज्यांच्या रक्तात असतात त्यांच्यापैकी बहुसंख्यांत फुप्फुसांचा विकार आढळतो. त्यासोबत ताप, सांधेदुखी, थंडीत बोटे पांढरी व निळी पडणे, आणि अंगठा व बोटांच्या कडा खरखरीत होऊन फाटणे, ही चिन्हे असतात. या भेगाळ हातांस वैद्यकात ‘यंत्रकारागिराचे हात’ असेच म्हणतात. ज्या गावात बहुतेकांचे हात कष्टाने भेगाळलेले असतात तेथे ही खूण किती सहज नजरेआड होईल, याचा विचार करावा.

दुसरे एक प्रतिपिंड याहूनही सावधगिरी बाळगावयास लावणारे आहे. जपानी वैद्यांनी २००५ साली त्याची ओळख पटविली. आज ते ‘एमडीए-५’ या नावाने परिचित आहे. या प्रकारात त्वचेवर चिन्हे दिसतात, कधी बोटांवर व्रण पडतात, परंतु स्नायू जवळजवळ शाबूत असतात. म्हणून स्नायूंचा रोग असा संशयही येत नाही. मात्र फुप्फुसांतील दाह काही रोग्यांत थोड्या आठवड्यांतच उग्र रूप धारण करतो. येथे महिन्याची वाट पाहणे परवडत नाही.

त्वचेवरील चिन्हे कोणती? वरच्या पापण्यांवर जांभळट छटा व सूज, बोटांच्या पेरांवर उंचवट्यासारखे चट्टे, गळ्याखाली, खांद्यांवर व पाठीच्या वरच्या भागावर डाग. परदेशी पुस्तकांतील चित्रांत ही चिन्हे गोऱ्या कातडीवर लालसर दिसतात. आपल्याकडील सावळ्या वर्णावर ती काळसर किंवा तपकिरी दिसतात आणि उन्हाचा डाग म्हणून सोडून दिली जातात. स्नायूंची दुर्बलता ओळखण्याची रीत सोपी आहे. हा रोग बहुधा खांदे व मांड्या यांचे मोठे स्नायू धरतो. म्हणून लिहिणे किंवा सुई ओवणे साधते, परंतु वेणी घालणे, फळीवरचा डबा काढणे, उकिडवे बसून उठणे आणि जिना चढणे अवघड होते.

नंदुरबार जिल्ह्यात ही ओळख पटण्याच्या आड तीन सावल्या येतात. पहिली क्षयाची. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी करणे हे पहिले कर्तव्य आहे, आणि ते कधीही चुकवू नये. सरकारी केंद्रांत ती तपासणी व क्षयाचा उपचार विनामूल्य मिळतो. पण थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत, छातीच्या चित्रात दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी जाळी दिसते, क्षयाची औषधे चालू करूनही धाप वाढतच आहे, अशा वेळी ‘औषध लागू पडण्यास वेळ लागेल’ असे म्हणून महिने घालविणे घातक होय. दुसरी सावली पांडुरोगाची. येथील भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा विकार आढळतो, आणि त्यानेही थकवा व धाप येते. रक्ताच्या तपासणीने त्याचा निर्णय लागतो. तिसरी सावली धुराची. चुलीच्या धुराने होणारा खोकला घरोघर असल्याने तो रोग वाटतच नाही. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचे प्रमाणही अधिक आहे. सबब त्यांचा विचार आधी व्हावा हे योग्यच. मात्र तो विचार तेथेच थांबू नये.

आणखी एक चकवा आहे. एसजीओटी व एसजीपीटी ही द्रव्ये रक्तात वाढली की यकृत बिघडले असे बहुधा समजतात. पण ती स्नायूंतही असतात, आणि स्नायू झिजू लागले की तेथूनही रक्तात येतात. अशा वेळी सीपीके ही स्नायूंची तपासणी केली नाही तर रोगी कावीळ समजून पथ्य करीत बसतो आणि मूळ रोग वाढत राहतो.

निदानाची साधने पुष्कळ आहेत, परंतु आरंभ साध्या गोष्टींनीच होतो. स्टेथोस्कोप पाठीच्या खालच्या भागावर ठेवून दीर्घ श्वास घ्यावयास सांगितले असता चुरचुर असा कोरडा आवाज येतो. त्यानंतरचे साधन बोटास लावावयाचे प्राणवायुमापक यंत्र होय. त्याचे मूळ तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी शास्त्रज्ञाने १९७४ साली मांडले. करोनाच्या साथीमुळे हे चिमुकले यंत्र खेडोपाडी पोहोचले. नंदुरबार जिल्ह्यास तर श्वासाची किंमत त्या वेळी विशेष रीतीने कळली. २०२० साली पहिली लाट ओसरत असता तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी जिल्ह्यात हवेतून प्राणवायू वेगळा करणारी संयंत्रे बसविण्यास आरंभ केला, आणि २०२१ च्या एप्रिलात अन्यत्र प्राणवायूसाठी धावाधाव चालू असता या जिल्ह्याच्या पूर्वतयारीचे देशभर कौतुक झाले. तेच मापकयंत्र येथेही उपयोगी पडते. मात्र ते केवळ बसल्या जागी लावून भागत नाही. रोग्यास सहा मिनिटे चालवून पुन्हा आकडा पाहावा. बसलेला असता ९६ दाखविणारे यंत्र चालल्यानंतर ९० दाखवू लागले, तर भात्याचे कातडे ताठ होत आहे अशी शंका घ्यावी. बोटे गार असतील तर आकडा चुकतो, आणि सावळ्या कातडीवर तो किंचित अधिकही दिसू शकतो, हे विसरू नये.

यापुढील तपासण्या म्हणजे फुप्फुसांचे सूक्ष्म छेदचित्र, म्हणजेच सीटी स्कॅन, श्वासाची क्षमता मोजणारे यंत्र, आणि रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी. नंदुरबार येथे २०२० साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने जिल्ह्यातील रोग्यांस जवळचा आधार मिळाला आहे. तरीही सातपुड्यातील धडगावच्या किंवा मोलगीच्या परिसरातून डोंगर उतरून येणे, आणि पुढे धुळे, नाशिक, सुरत किंवा मुंबई गाठणे हे धाप लागणाऱ्या माणसास सोपे नाही. म्हणूनच पहिल्या भेटीतच योग्य शंका मनात येणे याला एवढे मोल आहे. एका चुकलेल्या निदानाची भरपाई येथे डोंगराच्या वाटेने करावी लागते.

उपचार उपलब्ध आहेत. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच व त्याच्या सहकाऱ्यांनी संधिवाताच्या रोग्यास कॉर्टिझोन प्रथम दिले, आणि त्या कार्याबद्दल १९५० चे नोबेल पारितोषिक दिले गेले. त्याच कुळातील स्टिरॉइड औषधे आजही स्नायुशोथाचा दाह शमविण्याकरिता प्रथम वापरतात. त्यांच्या जोडीला अ‍ॅझाथायोप्रिन, मायकोफिनोलेट, टॅक्रोलिमस, सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब यांपैकी एखादे औषध देऊन बिथरलेल्या सेनेस आवरतात. फुप्फुसांत वण वाढतच असेल तर निन्टेडॅनिब या औषधाने त्याची गती मंदावता येते. परंतु सेनेस आवरले की खऱ्या शत्रूसही वाट मोकळी होते, ही या उपचाराची दुसरी बाजू आहे. यास्तव औषधे सुरू करण्यापूर्वी क्षय लपलेला नाही ना, हे पाहावेच लागते, आणि उपचार चालू असता आलेला साधा तापही साधा समजू नये. स्टिरॉइड बरे वाटले म्हणून एकाएकी बंद करणे तर फारच धोक्याचे. शरीरास त्याची सवय झालेली असते व ते अचानक तुटल्यास प्राणावर बेतते. अपत्याची इच्छा असणाऱ्या स्त्रीने ती गोष्ट डॉक्टरांस आधी सांगावी, कारण यांतील काही औषधे गर्भास अपाय करतात. प्रौढ वयात त्वचेसह स्नायुशोथ झाला असता शरीरात कोठे कर्करोग दडलेला आहे काय, याचाही शोध घेतात.

या रोगाचे नाव अलीकडे सामान्य घरांतही ऐकू येऊ लागले ते दोन अभिनेत्रींमुळे. दक्षिणेतील समंथा रूथ प्रभू यांनी २०२२ च्या ऑक्टोबरात आपणांस मायोसायटिस झाल्याचे जाहीर केले. उपचार घेऊन त्या पुन्हा आपल्या कामास लागल्या. ‘दंगल’ या २०१६ च्या चित्रपटात लहान बबिताची भूमिका करणारी सुहानी भटनागर मात्र १६ फेब्रुवारी २०२४ रोजी दिल्लीत वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी मृत्यू पावली. तिला डर्मॅटोमायोसायटिस झाला होता. आरंभ हाताच्या सुजेने झाला आणि अखेर फुप्फुसांत पाणी साचून ती दुबळी झाली, असे तिच्या आईवडिलांनी सांगितले. एकाच रोगाच्या या दोन कथा. एकीने निराश होण्याचे कारण नाही असे कळते, आणि दुसरीने गाफील राहण्यास जागा नाही असे.

तेव्हा घरातील जाणत्यांनी एवढेच करावे. घरात कोणाचा कोरडा खोकला हटत नसेल, तर त्याला उकिडवे बसून हात न टेकता उठता येते काय, हे पाहावे. त्याचे हात उजेडात धरून बोटांच्या कडा व पेरे पाहावीत. पापण्यांचा रंग पाहावा. आणि उलट, ज्याचे हातपाय अकारण दुबळे झाले आहेत त्यास जिना चढताना धाप लागते काय, हे विचारावे. जे दिसेल ते डॉक्टरांस एका वेळीच सांगावे. खोकला एकास, दुबळेपणा दुसऱ्यास आणि हातांच्या भेगा कोणासच नाहीत, असे होऊ देऊ नये. औषधे फार पुढे गेली आहेत, परंतु ती दाहावर चालतात. वण पडून गेल्यावर त्यांचा हात तेथवर पोहोचत नाही. मिरचीच्या पथारीवर बसलेल्या त्या स्त्रीकडे एवढ्या आस्थेने कोणी वेळीच पाहिले, तर तिचा श्वास अजूनही वाचविता येईल.